विहिरीवरची साक्ष

संक्रांतीला आठ दिवस उरले आणि इंद्रजीतनं विहिरीवरच्या खोलीला कुलूप घातलं.

खोली म्हणजे काय, चार पत्र्यांचा आडोसा. आत दोन मोटारींचे दोन स्टार्टर. एक इंद्रजीतचा, एक त्याच्या धाकट्या भावाचा, महिपतीचा. महिपती दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेला. तेव्हापासून त्याची बायको मुक्ताबाई तो स्टार्टर दाबत होती. चार दिवस थोरल्या घराचं पाणी, चार दिवस धाकट्या घराचं. आठ दिवसांत कांद्याला एक पाणी बसायचं आणि कांदा खूश असायचा.

त्या दिवशी आठची लाईट आली तशी मुक्ताबाई खांद्यावर फावडं टाकून विहिरीवर गेली. कुलूप बघितलं, दोनदा हिसडलं, आणि तशीच इंद्रजीतच्या दारात जाऊन उभी राहिली. दीर ओसरीवर चहा पीत बसला होता.

"भावजी, खोलीला कुलूप कुनी घातलं?"

"म्या घातलंय."

"आजपासनं आमचं चार दिवस हायती."

"कसलं चार दिवस?" इंद्रजीतनं बशी खाली ठेवली. "इहीर माझ्या गटात हाय. उताऱ्यावर माझं नाव हाय. इतकी वर्सं दिलं, भाऊ व्हता म्हनून दिलं. आता दिग्विजयनं दोन एकर केळी लावलीया. केळीला पानी पुरंना, तुला कुटनं देऊ?"

दाराच्या आत मुक्ताबाईची सासू फुलाबाई तांदूळ निवडत बसली होती. सत्तरीच्या पुढची म्हातारी, थोरल्या लेकाकडं राहायची. तिनं मान वर केली नाही. फक्त सुपातली बोटं थांबली, आणि मग पुन्हा चालू झाली. मुक्ताबाईला ते दिसलं. म्हातारीचा राग तिला आला नाही. ज्याच्या घरी खायचं त्याच्यासमोर बोलायचं कसं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

---

तरसवाडी हे वेळापूरपासून कच्च्या रस्त्यानं दोन कोसांवरचं गाव. शंभरभर उंबरे, एक शाळा, एक खंडोबाचं देऊळ. पोलीस ठाणं लांब आणि कोर्ट त्याहून लांब, म्हणून म्हणा, की गावाला आपलंच खरं करायची खोड होती म्हणून म्हणा, भांडणं खंडोबापुढं मिटायची. पद्धत अशी. रविवारी पंच पायरीवर बसणार. दोघं भांडणारे समोर. ज्यानं पिंडीवरचं बेलाचं पान आणि मूठभर भंडारा उचलून आपली बाजू सांगितली, त्याचं खरं. खोटं बोलणाऱ्याला देव बघून घेईल, पंचांनी डोकं शिणवायचं कारण नाही. दोघांनीही उचललं तर पंचांनी मधलं काढायचं.

आता भंडारा म्हणजे हळद. आणि नवरा गेलेल्या बाईनं देवाच्या हळदीला हात लावायचा नाही, असा वाडीचा रिवाज. आमटीत हळद घालताना मात्र विधवेच्या हाताला कुणी अडवलेलं नव्हतं. गावाला आमटी पिवळीच लागायची.

तेव्हा त्या रविवारी काय होणार हे देवळाबाहेरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. तरी मुक्ताबाई गेली. पायरीच्या खाली, पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. पंच होते सिद्धप्पा, पांढऱ्या मिशांचे, बोलायला गोड. त्यांनी इंद्रजीतला खूण केली. इंद्रजीतनं पायातलं काढलं, आत गेला, पान आणि भंडारा मुठीत घेऊन बाहेर आला.

"खंडेरायाची आन घिऊन सांगतो," तो म्हणाला, "इहीर माझ्या गटात हाय आनि उताऱ्यावर माझ्या एकट्याच्या नावावर हाय."

मुक्ताबाई चमकली. गडी खोटं बोललाच नव्हता. विहीर त्याच्या नावावर होती हे कोण नाकारत होतं? वाटणीत तो तुकडा त्याच्याकडं गेला म्हणून विहीर तिकडं गेली. प्रश्न होता तो पाळीचा, चार दिवसांच्या शब्दाचा. त्यावर त्यानं शपथ घेतलीच नव्हती. देवाला घाबरून त्यानं देवालाच बगल दिली होती.

"आप्पा," ती म्हणाली, "पाळी ठरली व्हती का न्हाय, ह्ये त्यास्नी इचारा. भंडारा हातात हाय तवर इचारा."

सिद्धप्पा हसले. "आमी इचारत नसतो, पोरी. ज्याला जे सांगायचं त्यो सांगतो. तुझ्या बाजूनं कोन बाप्या हाय का उचलायला?"

बाप्या कुठला आणायचा? एकच लेक, ऋतुजा, बारावीला. भाऊ कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात. त्यानं फोनवर "तायडे, मिटवून घे की" एवढं म्हणून ठेवून दिला होता.

"आत्याबाई हायत्या," मुक्ताबाई सासूबद्दल म्हणाली. "शब्द ठरला तवा त्या तितं व्हत्या. त्यास्नी इचारा."

खाली बसलेल्या माणसांतून हसू फुटलं. कुणीतरी म्हणालं, "दोन रांडमुंड मिळून एक साक्ष हुती व्हय?" सिद्धप्पांनी त्याला दटावलं, पण हसत हसतच दटावलं. आणि निकाल सांगितला. पाणी थोरल्याचं.

मुक्ताबाई घरी आली ती चूल पेटवायचं विसरून तशीच जोत्यावर बसली. कानाच्या पाळ्या जळत होत्या. नवरा गेल्याचं दुःख तिनं केलं होतं. आज पहिल्यांदाच तिला वाटलं की महिपतीबरोबर आपली जीभसुद्धा जाळून आलेत हे लोक.

---

कांदा काही निकाल ऐकत नाही. दहाव्या दिवशी वाफ्यांना भेगा पडल्या, बाराव्या दिवशी पातीचे शेंडे पिवळे झाले. मायलेकी पहाटे उठून गावच्या हापशावरून घागरी वाहायच्या. एकर कांद्याला घागरीनं पाणी घालणं म्हणजे स्वतःचीच थट्टा. म्हणून त्यांनी वाटेच्या कडेचे आठ वाफे निवडले आणि बाकीच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं. न बघणं जमत नव्हतं.

शेजारचा राजेसाब ट्रॅक्टरवर टँकर चालवायचा. एक दिवस तो न सांगताच कालव्यावरून भरलेला टँकर घेऊन बांधावर आला.

"भाबी, पान्याचा दांड मोकळा करा. लवकर करा, मला वेळापूरला जायचंय."

"राजेसाबभाऊ, थोरल्याला कळलं तर?"

"कळू द्या की. पानी कालव्याचं हाय. कालवा काय त्यांच्या उताऱ्यावर न्हाय."

त्या टँकरानं अजून दहा वाफे ओले झाले. राजेसाब आठवड्यातून एकदा येत राहिला आणि चहाच्या वर त्यानं काही घेतलं नाही. एवढ्यावर अर्धा कांदा तग धरून राहिला. बाकीचा मान टाकून बसला.

ऋतुजाला कॉलेज बुडवायला आई द्यायची नाही, पण रविवारी दोघी खुरप्यावर बसायच्या. गुडघे पोटाशी, डाव्या हातानं तण धरायचं, उजव्या हातानं मुळाशी खुरपं घालायचं. कोरड्या मातीत खुरपं खणकन वाजायचं आणि मनगटापर्यंत झिणझिण्या यायच्या.

"आई," ऋतुजा म्हणाली, "आमच्या राज्यशास्त्राच्या बाईंना म्या भंडाऱ्याचं सांगितलं."

"कशाला चव्हाट्यावर मांडतीस?"

"आगं ऐक तरी. त्या म्हनल्या, घटना लागू झाली ना, त्याच दिवशी तिच्याशी न जुळणारे जुने कायदे तेवढ्यापुरते रद्द झाले. आन् कायदा म्हंजे नुसता सरकारचा न्हाय. रूढी, रिवाज, सगळं त्यात धरलंय."

मुक्ताबाईनं खुरपं थांबवलं. "रद्द झालं?"

"व्हय."

"कवा म्हनलीस?"

"पन्नास साली. जानेवारीत."

मुक्ताबाईनं बोटांवर काहीतरी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "म्हंजी तुझा आजा धोतर बी नीट नेसत नव्हता तवा. आन् वाडीला आजून कुनी सांगितलंच न्हाय?"

"रस्ता कच्चा हाय की आपला," ऋतुजा म्हणाली. "आलं नसंल हितवर."

दोघी हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. पण मुक्ताबाईच्या डोक्यात ते राहिलं. आपल्या जन्माच्या आधीच कुणीतरी, कुठंतरी, तिला ओळखत नसताना, तिच्या बाजूनं बोलून ठेवलं होतं. दिवसभर ती खुरपत होती आणि तेच उलटंपालटं करून बघत होती.

---

सव्वीस जानेवारीला शाळेपुढं झेंडा झाला. पोरांनी घटनेची उद्देशिका म्हटली, एका दमात. मग त्याच मांडवात ग्रामसभा बसली. रस्त्याचा मुरूम, गटार, शाळेची खिडकी असे विषय झाले आणि सरपंचांनी "आनि कुनाला काय?" असं उठता उठता विचारलं. बायकांच्या बाजूनं मुक्ताबाई उभी राहिली.

"माझं पानी आडवलंय," ती म्हणाली. पुढचं ठरवून आणलेलं सगळं विसरली आणि परत तेच म्हणाली. "माझं पानी आडवलंय."

"त्याचा निकाल देवळात झालाय, वैनी," सरपंच म्हणाले. "उकरून काय काढता?"

पुरुषांच्या बाजूला इंद्रजीत बसला होता. त्यानं तोंड फिरवलं. पोरांना जिलेबी वाटायला सुरुवात झाली आणि सभा जिलेबीत विरघळली. मुक्ताबाई उभी ती उभीच.

मांडवाबाहेर तलाठ्यानं तिला गाठलं. नवा पोरगा होता, दुसऱ्या तालुक्यातला. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "काकू, माळशिरसला तहसीलदारांच्यापुढं मामलेदार कोर्टाचा अर्ज द्या. विहिरीचं पाणी, बांध, वाट असलं आडवलं की तिथं चालतं. सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. तुमचा तर महिनाबी झाला न्हाई."

"तितं बाप्या लागतो का?"

तलाठ्याला प्रश्नच कळला नाही. "आधारकार्ड लागतं," तो म्हणाला.

अर्ज ऋतुजानं लिहिला. तीन वेळा फाडला, चौथ्यांदा जमला. शेवटी साक्षीदाराचा रकाना आला. मुक्ताबाईनं त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

"फुलाबाई लिही," ती म्हणाली.

"आजी बोलंल?"

"ठावं न्हाय."

"न्हाई बोलली तर आपन पडलो की, आई. आन् बोलली तर काका तिला घरात ठिवतील व्हय?"

"म्हनून तर हात उचलंना," मुक्ताबाई म्हणाली. "पर तितं दुसरं कोनच नव्हतं. लिही."

---

कचेरीत तारीख लागली ती फेब्रुवारीच्या सहाला. तहसीलदार बाई होत्या, कौसर मॅडम. सोलापुरात वाढलेल्या, आवाज बारीक पण पोहोचणारा. टेबलाच्या एका अंगाला इंद्रजीत आणि त्याचा लेक दिग्विजय, दुसऱ्या अंगाला मुक्ताबाई आणि ऋतुजा. मुक्ताबाईनं लग्नातली साडी नेसली होती आणि चप्पल दाराबाहेर काढून आत आली होती. शिपायानं "राहू द्या की पायात" म्हटलं, तरी काढली.

"मुक्ताबाई महिपती गोरड," कारकुनानं पुकारलं. "जबाब शपथेवर घ्यायचाय. शपथ घ्या."

मुक्ताबाईनं दाराबाहेर काढलेल्या चपलेकडं बघितलं. इथवर आली होती, एसटीनं, उपाशीपोटी, आणि इथंही तेच.

"सायब," ती म्हणाली, "मला शपथ चालत न्हाय."

कारकुनानं चष्म्यावरून बघितलं. "चालत नाही म्हणजे?"

"मालक वारल्यात. मला उचलता येत न्हाय." तिनं मान खाली घातली. "बिनशपथेचं जे काय आसंल त्ये घ्या."

फायली चाळणारा दुसरा कारकूनही थांबला. ऋतुजाला रडू कोसळेल असं वाटलं. आई एवढं सगळं करून इथं स्वतःच स्वतःला मागं ओढत होती. इंद्रजीत मात्र बुटाकडं बघत होता. कदाचित त्यालाही ते ऐकायला बरं वाटलं नसावं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"मुक्ताबाई, हे कोण म्हणालं तुम्हाला?"

"रिवाजच हाय तसा."

"गावचा असेल. इथला नाही." मॅडम उठून उभ्या राहिल्या नाहीत, आवाज चढवला नाही. बाजाराचा भाव सांगावा तसं सांगितलं. "या खुर्चीसमोर नवरा असलेली, नसलेली, लग्नच न केलेली, कुठल्याही जातीची, कुठल्याही देवाची, सगळ्यांची शपथ एका वजनाची. हे मी ठरवलेलं नाही, मला बदलताही येत नाही. देवाचं नाव घ्यायचं तर घ्या. नसेल घ्यायचं तर नुसतं म्हणा, खरं सांगेन. काही उचलायचं नाही. सरळ उभं राहायचं, एवढंच."

मुक्ताबाई सरळ उभी राहिली. कारकुनानं सांगितलं तसं ती शब्दाशब्दानं म्हणत गेली. ईश्वरसाक्ष खरं सांगेन. खोटं सांगणार नाही. म्हणून झाल्यावर तिला आपलाच आवाज मोठा वाटला आणि तिनं तो तसाच राहू दिला. कुलूप, चार दिवस, महिपतीचं आजारपण, विहिरीवरचा शब्द, सगळं सांगितलं.

मग इंद्रजीतची पाळी आली. शपथ घेऊन तो तडफेनं म्हणाला, "मॅडम, आमच्या गावात याचा निकाल झालाय. म्या भंडारा उचललाय, तिनं उचलला न्हाय."

"त्यांनी उचलला असता तर गावानं मानला असता?"

"त्यो... न्हाय. विधवेला न्हाय चालत."

"म्हणजे तुम्ही उचलायच्या आधीच निकाल लागला होता," मॅडम म्हणाल्या. "बरं. पाळी ठरली होती का?"

इंद्रजीतला हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. तो दिग्विजयकडं बघायला लागला. दिग्विजय मोबाइलकडं.

"इहीर माझ्या गटात हाय," इंद्रजीत म्हणाला.

"ते उताऱ्यावर आहे, मी वाचलंय. पाळी ठरली होती का?"

"आता... आजारी मानसाची समजूत काढायला मानूस कायबी बोलतो..." त्यानं टोपी सारखी केली. "ध्यानात न्हाय."

मॅडमनी तसंच लिहून घेतलं. "साक्षीदार फुलाबाई. आल्या नाहीत?"

"म्हातारी हाय," इंद्रजीत म्हणाला. "एसटी सोसत नाय तिला."

"मग मी येते. विहीरही बघायचीच आहे."

---

बुधवारी दुपारी सरकारी जीप धूळ उडवत विहिरीवर आली. वाडीत एवढं मोठं काही फार दिवसांत झालं नव्हतं, त्यामुळं अर्धी वाडी बांधावर. सिद्धप्पाही आले होते, काठी टेकून. कडुलिंबाखाली सतरंजी टाकली होती. ऊन चांगलंच तापलं होतं. मॅडमनी विहीर बघितली, कुलूप बघितलं, दोन्ही स्टार्टर, दोन्ही पाइप बघितले. मग कांद्यात गेल्या. भेगाळलेल्या वाफ्यातला एक कांदा उपटला. सुपारीएवढा निघाला. तो त्यांनी पुन्हा जागेवर टोचून ठेवला, जणू तो परत धरेल.

फुलाबाईला इंद्रजीतच्या बायकोनं हाताला धरून आणलं. म्हातारी सतरंजीच्या कडेला, मातीतच टेकली. मॅडम स्वतः तिच्यासमोर खाली बसल्या.

मुक्ताबाईला तिच्याकडं बघवेना. या वयात हिला लेकाच्या विरुद्ध उभं करायचं. नाही बोलली तर नाही बोलली, तिनं मनाशी ठरवून टाकलं, कांदा गेला तर गेला, ऊसतोडीला जाईन, पण म्हातारीला बोल लावायचा नाही.

शपथ झाली. म्हातारी ती अगदी कमी शब्दांत म्हणाली. "खरंच सांगन की. या वयात खोटं कशाला?"

"आजी, विहिरीच्या पाण्याची पाळी दोन्ही मुलांत ठरली तेव्हा तुम्ही तिथं होता?"

फुलाबाईनं इंद्रजीतकडं बघितलं. इंद्रजीत विहिरीकडं बघत होता.

"व्हते की," फुलाबाई म्हणाली.

"काय ठरलं?"

"महिपतीला दवाखान्यातनं परत आनला व्हता. डाक्टरनं आशा सोडली व्हती. त्यो म्हनला, मला इहिरीवर घिऊन चला. ह्यो इंद्रजीत, ह्यानं त्याला पाठीवर घिऊन आनला. सख्ख्या भावाला पाठीवर." म्हातारी थांबली, श्वास घेतला. "म्या भाकरी घिऊन आले व्हते. त्यानं कोरभर खाल्ली. मग ह्यो म्हनला, मुक्तीची काळजी करू नगंस, चार दिवस तुझं, चार दिवस माझं, आपन हाय तवर आसंच चालंल. आनि रडला. दोगं बी रडलं."

"हे तुम्ही पंचांना का नाही सांगितलं?"

म्हातारीला प्रश्न गमतीचा वाटला असावा. तिनं डोळे बारीक करून मॅडमकडं बघितलं.

"कुनी इचारलंच न्हाय," ती म्हणाली. "ह्येंचा बा जाऊन बत्तीस वर्सं झाली. बत्तीस वर्सांत मला कुनी कायबी इचारल्यालं न्हाय बग, बाय. आज तूच."

सिद्धप्पांनी काठीची मूठ घट्ट धरली आणि खाली बघितलं. बांधावरच्या बायकांत कुजबुज झाली आणि थांबली.

"त्यो वाईट न्हाय," फुलाबाई पुढं म्हणाली. "केळीनं डोस्कं फिरलंय त्याचं. पर म्हनला व्हता. म्या ऐकलंय."

मॅडमनी इंद्रजीतकडं बघितलं. त्याचं तोंड भाजल्यासारखं लाल झालं होतं. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"व्हय," तो म्हणाला. "म्हनलो व्हतो."

त्यानं खिशातून किल्ली काढली. मॅडमच्या हातात देऊ की कारकुनाच्या, त्याला कळेना. मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडं नको. कुलूपच काढा. आजपासून चार दिवस मुक्ताबाईंचे, पुढचे चार तुमचे. लेखी हुकूम परवा मिळेल. पुन्हा अडवलं तर मात्र मी नाही, पोलीस येतील." इंद्रजीतनं मान हलवली. जाऊन कुलूप काढलं. परत येताना आईच्या जवळून गेला तेव्हा क्षणभर थांबला. "ऊन लागंल तुला," एवढं म्हणाला आणि तिच्या डोक्यावर पदर ओढून दिला.

लाईट होती. ऋतुजा खोलीत पळाली. मोटार घरघरली आणि पाइपातून आधी हवा, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी दांडात पडलं. मुक्ताबाई फावडं घ्यायला वळली. दांड फुटायच्या आधी वाफ्यावर पोहोचायला हवं होतं. पण तिचे डोळे भरून आले आणि तिला वाट दिसेना, म्हणून ती जागीच उभी राहिली.

बांधावरची माणसं उठायला लागली. कारकुनानं कागद गोळा केले, शाईचा डबा पुढं केला. फुलाबाईनं अंगठा उठवला, पदराला पुसला. मॅडमनी गुडघ्यावर हात टेकले.

"चला, आजी. झालं."

फुलाबाई हलली नाही.

"झालं?" ती म्हणाली. "आनिक कायबी इचारायचं न्हाय?"

कारकून हसला. मॅडम हसल्या नाहीत. अर्ध्या उठलेल्या त्या पुन्हा खाली बसल्या.

"विचारते की. आजी, ही विहीर कुणी खणली?"

"म्या!" म्हातारी ताठ झाली. आवाज एवढा खणखणीत आला की उठलेली माणसं वळली. "म्या आन् ह्येंच्या बानं. महिपती पोटात व्हता. सातवा म्हैना. त्यो खाली सुरुंग लावायचा, म्या वर दगूड व्हायची. डोस्क्यावर. पन्नास हातावर पानी लागलं तवा पयली घागर म्या काडली. उताऱ्यावर माझं नाव कुटंच न्हाय, पर म्या काडली."

इंद्रजीत कुलूप हातात घेऊन उभा होता. त्याला हे माहीत नव्हतं. मुक्ताबाईलाही नव्हतं. बांधावरच्या तरण्या माणसांतल्या कुणालाच नव्हतं. मुक्ताबाई फावडं टाकून सासूच्या शेजारी मातीत बसली आणि तिचा हात हातात घेतला. दांड सांभाळायला ऋतुजा होती.

कारकुनानं मॅडमकडं बघितलं. "हे अर्जाच्या बाहेरचं आहे, मॅडम. लिहायचं का?"

"लिहा," मॅडम म्हणाल्या.

त्यानं नवा कागद घेतला आणि वर नाव घातलं, फुलाबाई.

"सुरवातीपासनं सांगू?" म्हातारीनं विचारलं.